उलटी गुंडाळलेली तार

मित्रांनो, मी एक जुना पेचकस आहे. वीतभर लांबीचा, लाकडी मुठीचा. एका प्राथमिक शाळेच्या विज्ञानपेटीत, लोहचुंबक आणि तडा गेलेलं भिंग यांच्या मधे माझी जागा आहे. माझी मूठ काळवंडली आहे आणि टोकाचा एक कोपरा उडाला आहे. त्याचं मला दुःख नाही. वापराने झिजणं हे आम्हा हत्यारांना भूषणच. दुःख वेगळंच आहे, आणि ते सांगायलाच आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. सळई तापवून माझं पातं एका लोहाराने ठोकलं, पण टोक घासून सपाट केलं ते एका बाईने. फिरत्या दगडापाशी ती दिवसभर बसायची. तिच्या बोटांवर ठिणग्यांचे बारीक डाग होते. प्रत्येक टोक ती अंगठ्याने चाचपायची, मनासारखं नसलं तर पुन्हा दगडाला लावायची. ‘अगं, हाताला लागेल’ असं तिला कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे हत्यार कुणाच्या हातासाठी असतं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. तो मला शाळेने शिकवला.

मी शाळेत आलो तेव्हा चौथीत एक मुलगी होती. तिला सगळे उचापती म्हणत. तिची आई कपडे शिवायची, आणि शिवणमशीन अडलं की आईच ते उघडायची. स्क्रू ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने कापडावर मांडून ठेवायचे, ही शिस्त लेकीने तिथे उचलली होती. मला धरायची रीतही तिची स्वतःची होती. मूठ तळहातात, आणि पहिलं बोट पात्यावर लांब टेकवलेलं. असा हात हत्यार विसरत नाही.

एकदा शाळेत पाहुणे येणार होते. वर्गाने पुठ्ठ्याची पवनचक्की केली होती. पाती फिरली की त्यांना जोडलेल्या छोट्या मोटरवर दिवा लागायला हवा होता, आणि तो काही लागत नव्हता. मुलं स्क्रू आवळत होती, अजून आवळत होती. माझ्या टोकाचा कोपरा उडाला तो तेव्हाच. उचापती तीन दिवस कडेला उभी राहून बघत होती. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने मला उचललं.

‘अरे शहाण्यांनो, स्क्रूभोवती तार उलटी गुंडाळलीये,’ ती म्हणाली. ‘तुम्ही स्क्रू आवळताय आणि ती बाहेर पळतेय. स्क्रू जिकडे फिरतो तिकडेच तार फिरवायची.’

तिने तार सोडवली, सुलट गुंडाळली आणि मला दोन फेरे दिले. पाती फिरवली. दिवा लागला.

वर्गात एक मुलगा होता. तोंड कधी बंद नसायचं म्हणून त्याला वकील म्हणत. पण तो खोटं बोलत नसे. ‘गुरुजी, हिने केलं,’ त्याने लगेच सांगितलं.

‘शाब्बास. उद्या पाहुण्यांना तू समजावून सांग,’ गुरुजी त्यालाच म्हणाले.

‘मी? मला त्यातलं काय कळतंय?’

‘कळायला कशाला हवं? बोलता येतं ना तुला?’ गुरुजी हसले आणि उचापतीकडे वळले. ‘बाळ, तू तक्ता लिही. तुझं अक्षर अगदी मोत्यासारखं आहे.’

गुरुजी वाईट नव्हते. तिचं कौतुकच करत होते ते. दुसऱ्या दिवशी टाळ्या वकिलाला मिळाल्या, आणि ती तक्त्याखाली हात मागे बांधून उभी राहिली. सगळे गेल्यावर तिने मला फ्रॉकच्या कडेने पुसलं आणि पेटीत ठेवताना हळूच म्हणाली, ‘मी शाळेत बाई होईन ना, तेव्हा तुला कुणाच्या हातात द्यायचं ते मी ठरवीन.’

हा शब्द मी धरून ठेवला.

पुढची वर्षं कुलपात गेली. ‘पोरं वस्तू हरवतात,’ असं म्हणून पेटी कपाटावर चढली. तिच्या तळाशी कुणीतरी तो जुना तक्ताच अंथरला होता. मला अक्षरं उशिरा आली मित्रांनो, आणि आली ती त्याच तक्त्यावरून. ‘दिवा का लागतो?’ हे मी वाचलेलं पहिलं वाक्य. अंगावर गंज चढत होता आणि मी एकेक अक्षर लावत होतो. ती येईल, याची मला खात्री होती.

आणि ती आली. पेटी उघडली, एक हात आत आला, पहिलं बोट माझ्या पात्यावर टेकलं. चेहरा बघायची गरजच पडली नाही. उचापती आता बाई झाली होती. तिने माझा गंज काढला, मला तेलाचा थेंब दिला. त्या दिवशी मी नव्यासारखा चमकत होतो.

गुरुवारी विज्ञानाचा तास झाला. स्क्रूला तारा जोडून दिवा लावायचा होता. चौघाचौघांचे गट केले. बाईंनी मला उंच धरलं आणि म्हणाल्या, ‘मुलगे जोडणी करतील. मुलींनो, तुम्ही नोंदी घ्या. तुमचं अक्षर चांगलं असतं.’

केसाने गळा कापणं कशाला म्हणतात, ते मला त्या क्षणी कळलं.

मी ज्या मुलाच्या हातात गेलो, त्याच्या शेजारी वही घेऊन एक चिमुरडी बसली होती. तिला मुंगी म्हणत. मुलगा स्क्रू आवळत होता, दिवा लागत नव्हता. मुंगी मान वाकडी करून तारेकडे बघत होती.

‘मला दे ना जरा.’

‘तू लिही गं. तुला नाही जमायचं.’

‘तुला तरी कुठं जमतंय?’

मग ती उठून टेबलाशी गेली. ‘बाई, मी फिरवू?’

‘टोक लागेल हाताला. तास संपत आलाय बाळ. तू लिही, किती सुंदर लिहितेस.’

बाईंना पंचेचाळीस मुलं आणि पस्तीस मिनिटं सांभाळायची होती, हे मला समजतं. मुलगे वस्तूंवर तुटून पडतात, मुली शांत लिहितात, तास वेळेत संपतो. परक्याने असं केलं असतं तर मी गप्प राहिलो असतो. पण हिला तर तक्त्याखाली उभं राहणं काय असतं ते ठाऊक होतं.

दुपारी बाई वह्या तपासायला बसल्या. उघडी पेटी शेजारीच होती. मुंगीच्या वहीत लिहिलं होतं : ‘निरीक्षण : दिवा लागला नाही. कारण : तार उलटी गुंडाळली आहे. कृती : मला करता आली नाही, कारण पेचकस माझ्याकडे नव्हता.’

बाईंनी खाली लाल शाईने लिहिलं, ‘अक्षर सुंदर.’ आणि पुढची वही ओढली.

मित्रांनो, माझ्यासारखे म्हातारे शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, कोरड्या जागी ठेवा. मी तसं म्हणणार नाही. जपून ठेवल्यानेच मी गंजलो. मुंगी अजून चार महिने या वर्गात आहे, आणि पेटी दर गुरुवारी उघडते. बाईंच्या शब्दावर मी आता थांबणार नाही, म्हणून तुम्हाला विनवतो. मी तुमच्या हातात आलो, तर शेजारी वही घेऊन कोण बसलं आहे ते एकदा बघा. ती वही तुम्ही घ्या आणि मला तिच्याकडे द्या.

कसं धरायचं, ते मी तिला दाखवीन. पहिलं बोट पात्यावर टेकवायचं. मला ते एका उचापतीने शिकवलं आहे.