उजवा खांदा

पलंगाच्या काठावर बसवलं की सुमंत डावीकडे कलंडायचे. अर्धांगवायूच्या झटक्याने डावीच बाजू लुळी पडली होती, आणि तरी ते उजव्या, चांगल्या हाताने गादीवर जोर देऊन स्वतःला तिकडेच ढकलायचे. त्यांची बायको शरयू डावीकडे बसून त्यांना खांद्याने तोलून धरी. ती जितकं धरी, तितकं ते जास्त ढकलत.

१९९४ च्या त्या मार्चमध्ये, उपचारांसाठी, दोघं सांगलीत भाड्याच्या खोलीत राहत होती. आधाराशिवाय बसता आलं की साताऱ्याला घरी जा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

व्यायाम करून घ्यायला मिरजेहून लुनावर रशीदा यायची. तिशीची, शांत. ती त्यांच्या उजव्या बाजूला वीतभर अंतर ठेवून बसायची.

"सर, मी धरणार नाही. तुम्हीच या. खांदा माझ्या खांद्याला लावा."

आणि सुमंत जायचे. घाम फुटायचा, पण जायचे. खांदा टेकला की कणा सरळ व्हायचा. मग रशीदा अलगद आपला खांदा काढून घ्यायची. ते क्षणभर टिकायचे आणि पुन्हा डावीकडे कलायचे.

शरयूला कारण कळत होतं. सरळ म्हणजे कुठे, हेच त्यांच्या मेंदूला उमगत नव्हतं. विरोध केला की जोर वाढत होता. चांगल्या बाजूला जायला त्यांना काहीतरी निमित्त हवं होतं. सगळं पटत होतं. पण सुमंत सकाळपासून विचारायचे, "दाढी नीट झालीय ना गं?" तेव्हा ती न बघताच "झालीय" म्हणायची.

भांडी घासायला येणारी रंगूबाई एकदा दारातूनच म्हणाली, "आवं वहिनी, तुमच्यावर रेटत्यात, आन् तिच्याकडं आपसूक सरकत्यात. लय गुणाचं औषध हाय."

"भांडी झाली का?" शरयूने विचारलं.

त्या दिवशी तिने चहा दोघांपुरताच केला. रशीदा निघताना म्हणाली, "वहिनी, ईदला मी सुटीवर आहे. माझ्या जागी तुम्ही बसा."

माझ्या जागी. शरयूने मान हलवली.

ईदच्या सकाळी तिने डावीकडे उशा रचल्या आणि उजवीकडे जाऊन बसली.

"या."

"तू नेहमीच्या बाजूला बस ना. मला तिथं बरं वाटतं."

"नाही. तुम्ही इकडे या."

"पडेन अगं."

"तिच्याकडे जाताना पडत नाही."

सुमंतांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "असं आहे होय."

"असंच आहे."

ते थोडं हसले. मग गादीवरचा हात उचलून त्यांनी मांडीवर ठेवला आणि हळूहळू तिच्याकडे आले. खांदा टेकला. किती दिवसांनी ते आपणहून तिच्याकडे आले होते. आता खांदा काढायचा, हे तिला ठाऊक होतं. तिने काढला नाही.

"शरयू, काढ आता."

"थांबा जरा."

"काढ. त्याशिवाय कळायचं कसं?"

ती वीतभर सरकली. सुमंत डुलले, सावरले आणि बसून राहिले. ते डावीकडे कलंडले नाहीत, तिच्याकडेही झुकले नाहीत.

"रशीदाबाईंना सांगायला हवं," ते म्हणाले.

"सांगू की."

त्यांना आता कुणाच्या खांद्याची गरज नव्हती. तिच्या नाही, आणि रशीदाच्याही नाही. यातलं दुसरं लक्षात आल्यावर तिला बरं वाटलं, जरा जास्तच बरं वाटलं.