माझ्यात प्रकाश शिरत नव्हता

मी कॅमेरा बोलतोय, रोलचा, जुन्या जमान्यातला. ओळखपाळख व्हायच्या आधीच एक गोष्ट ठणकावून सांगतो: माझ्यात प्रकाश शिरत नाही. कधीच शिरत नव्हता. तीस-पस्तीस वर्षं हा आळ माझ्या माथी होता. तो खोटा ठरला त्या दिवशी खरं तर मी आनंदानं नाचायला हवं होतं. पण असा हादरा बसला की अजून तो दिवस आठवला तरी माझा पडदा थरथरतो.

माझा जन्म कारखान्यातला. पांढरे कोट घातलेल्या बायकांनी मला जोडलं. माझ्या पाठीमागच्या दाराच्या खाचेत काळा मखमली दोरा बसवताना त्यांच्यातली एक शेजारणीला म्हणाली होती, "नीट दाब गं, केसाएवढी फट राहिली तरी फोटोचं वाटोळं होईल." शेजारणीनं तो असा काही दाबला की आजतागायत जागचा हललेला नाही. माझं खानदान असं आहे, आणि माझ्यावर आरोप काय, तर प्रकाश शिरतो!

मला घेतलं एका फोटोग्राफरनं. समारंभांचे फोटो काढणं हा त्याचा धंदा. त्याच्याकडे दोन लेन्स होत्या. पन्नास मिलिमीटरची माझ्याबरोबरच आली, ती रोजच्या कामाची. दुसरी पंच्याऐंशीची, माझ्याहून वयानं मोठी, जडशीळ, खास चेहऱ्यांसाठी. मालक कामाला चोख होता. हात दगडासारखा स्थिर. त्याच्या एका सवयीनं मात्र मी पहिल्याच महिन्यात हबकलो.

समारंभात पाहुण्यांचा एकच धोशा असायचा. "अहो, आमचा एक काढा ना! आत्त्याचा राहिलाच की!" रोल मोजके, पाहुणे ढीगभर. मग रोल संपला की मालक मला रिकामाच डोळ्याला लावायचा. फ्लॅश चमकायचा, माझा खटका वाजायचा, आत्त्या खूश. अरे, माझ्या पोटात काही नाही आणि हा "हसा, हसा" म्हणतोय! पुढे कळलं की धंद्यात सगळेच हे करतात. याला ते 'नुसता फ्लॅश' म्हणायचे. मी गप्प बसलो. बोलायची सोय होतीच कुठे?

मालकाची बायको शिवणकाम करायची. तिचं नाव राहिलं बाजूला, लहानपणापासून सगळे तिला छबूच म्हणायचे. दिवसभर मशीनवर वाकलेली असायची. कधीतरी स्वतःसाठी काही नवीन शिवलं की केस नीट करून मालकासमोर उभी राहायची आणि विचारायची, "माझा काढता का एक?"

"बस की खिडकीपाशी," मालक म्हणायचा.

मला पिशवीतून काढलं की मला कळायचंच. रिकामा! समारंभाचा रोल निघून गेलेला, नवीन घातलेला नाही. तरी तो मला डोळ्याला लावायचा, फोकस करायचा, "हनुवटी वर" म्हणायचा आणि खटका दाबायचा. पहिल्या वेळी मला वाटलं, विसरला असेल. दुसऱ्या वेळी माझी बोबडीच वळली. अहो, पाहुण्यांचं एक वेळ सोडा, पण घरच्या माणसाला?

छबूला माझ्या लेन्सच्या काचेत बघायची लाज वाटायची. "डोळे वटारल्यासारखी बघते मेली काच," म्हणायची. म्हणून ती बघायची माझ्या खांद्यावरच्या छोट्या गोल चावीकडे. रोल संपला की परत गुंडाळायची ती चावी. वर्षानुवर्षं, मालकानं रोल सरकवायची दांडी ओढल्यापासून खटका दाबेपर्यंत, तिनं दुसरीकडे कुठे पाहिलंच नाही.

मग फोटो कधी येणार म्हणून ती विचारायची. आधी उत्तर मिळायचं, "धुवायला टाकलेत." महिन्याभरानं, "बिघडले गं. या कॅमेऱ्यात प्रकाश शिरतो. त्यात तुझे रोलच्या टोकाला, तिथे तर हमखास."

मी! माझ्यात! इतका राग आला म्हणून सांगू. आणि ती भाबडी माझ्यावरून फडकं फिरवत म्हणायची, "असू दे, बिचारा जुना झालाय."

मी मालकाची वकिली करणार नाही. पण त्यानं कुढत काढलेले शेवटचे दिवस मी कपाटाच्या काचेतून पाहिलेत. अंथरुणावरून तो एकदा म्हणाला, "छबू, तुझा एक फोटो काढायचा राहिला बघ."

"राहिला कुठे? एवढे काढलेत की! बिघडले त्यात तुमचा काय दोष?"

त्यानं भिंतीकडे तोंड केलं. ती पांघरूण सारखं करून मशीनवर जाऊन बसली.

मालक गेला. नंतर तीन वर्षं मी तसाच पडून होतो. लेन्समध्ये बुरशीचं जाळं धरलं. मग एका सकाळी छबूची थोरली बहीण आली. तिला ती अक्का म्हणते. अक्का बसली, पाणी प्यायली आणि बाजारातून काय आणलं ते सांगावं तशी म्हणाली, "गाठ वाईट निघाली. जबड्याचा डावा भाग काढणार आहेत. पुढच्या गुरुवारी. चेहरा बदलणार म्हणाले डॉक्टर."

छबूच्या हातातली कात्री खाली पडली.

"रडू नकोस. काम सांगायला आलेय. मला फोटो हवाय, या चेहऱ्याचा. कागदावरचा, भिंतीवर लावायचा. तुझा नवरा काढायचा ना लोकांचे, तसा."

"मोबाइलवर काढते की!"

"भाच्यानं काढलेत शंभर. सगळ्यांत नाकच नाक. त्या जड भिंगातून काढ. तू शीक."

"मी? मला तर फडकं मारण्यापलीकडे त्यांनी हातही लावू दिला नाही कधी. आणि त्यात प्रकाश शिरतो गं."

"मग दुरुस्त करून आण. आठ दिवस आहेत."

असा मी कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर पोचलो. गृहस्थ वयस्कर, एक चष्मा डोळ्यांवर, एक कपाळावर. छबूनं मला पुढे ठेवलं. "दादा, याच्यात प्रकाश शिरतो. आधी ते बघा. मग मला हा चालवायला शिकवा."

त्यानं पंच्याऐंशीची उघडून जाळं पुसलं. माझ्या पोटात बारीक दिवा लावून खोलीतले दिवे घालवले आणि मला चहूबाजूंनी फिरवून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. "ताई, थेंबभरही शिरत नाही. असा घट्ट कॅमेरा मी फार दिवसांनी बघतोय."

ऐकताय ना? माझी मान ताठ झाली. छबू म्हणाली, "आता नसेल शिरत. आधी शिरायचा. लोकांचे फोटो बरे यायचे हो, माझ्याच वेळी नेमका बिघडायचा."

दुरुस्तीवाल्यानं नाकावरचा चष्मा वर केला, तिच्याकडे पाहिलं आणि सरळ शिकवायला लागला. तेव्हाच मला धडकी भरली.

"हे आकडे बघा. दोन, चार, आठ, सोळा. हे आतल्या भोकाचे. पण उलटं आहे हं, इथे सगळ्यांची गाडी अडते. आकडा मोठा तसं भोक..."

"लहान," छबू म्हणाली. "सुयांसारखं. मशीनच्या नाही, हातशिलाईच्या. नंबर मोठा, सुई बारीक."

तो बघतच राहिला. "चाळीस वर्षं शिकवतोय, हे मला सुचलं नव्हतं!"

खटक्याचा वेग तिला मशीनच्या पायडलवरून कळला. फोकस तर तिला सांगावाच लागला नाही, सुईत दोरा ओवून नजर तयार होती. रोल घालायला तर तिला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी चकित झालो. ज्या बाईला कुणी फडक्यापलीकडे मला शिवू दिलं नाही, तिचे हात जणू माझ्यासाठीच बनले होते.

"आता शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं," दुरुस्तीवाला म्हणाला. "रोल आत नीट अडकलाय का, हे बाहेरून कसं कळणार? ही छोटी चावी बघत राहा. मी ही रोल सरकवायची दांडी ओढतो. फिरली?"

"फिरली."

"फिरली म्हणजे आत रोल सरकला. दर फोटोला फिरली पाहिजे."

छबूचं बोट चावीवर तसंच राहिलं. मी मनातल्या मनात ओरडत होतो, बाई, नको विचारूस, उठ आणि घरी चल.

"आणि नाही फिरली तर?"

"तर आत काही नाही. किंवा अडकलेलं नाही. फोटो निघत नाही. नुसता आवाज."

"म्हणजे रीळ फिरत नाही आणि सुई नुसती वरखाली."

"अगदी बरोबर."

"दोराच नाही."

"नाही."

तिनं चावीवरचं बोट उचललं. "दादा," ती फार हळू म्हणाली, "मी या चावीकडेच बघायची. दर वेळी. तीस वर्षं. ही कधी फिरलीच नाही."

दुरुस्तीवाला कपाळावरचा चष्मा पुसत बसला. त्याला धंदा माहीत होता. मला वाटलं, किंचाळून सांगावं, शिरतो हो माझ्यात प्रकाश! मीच फुटका आहे, मीच खराब केले सगळे फोटो! मला नको तो न्याय. पण मी निर्दोष आहे हे आता सिद्ध झालं होतं, त्याला कुणाचाच इलाज नव्हता.

घरी आल्यावर तिनं मला कपाटात टाकलं आणि दार लावून घेतलं. तीन दिवस उघडलं नाही. मशीनचा आवाजही नाही. मंगळवारी अक्का आली. छबूनं तिला सगळं सांगितलं. अक्का खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली.

"म्हणजे आपण दोघी शेजारी बसलो होतो, सारखे कपडे घालून, तो फोटोही रिकामाच?"

"तोही."

"मी चपला बदलून आले होते गं त्याच्यासाठी!" अक्का ओरडली, आणि दोघी एकमेकींकडे बघून हसत सुटल्या. हसता हसता छबू हुंदके द्यायला लागली. "एक तरी खरा काढायचा ना गं त्यांनी. एक!"

अक्कानं तिची पाठ थोपटली. "रड. पण थोडंसंच. परवा माझा जबडा जाणार आहे."

छबूनं तोंड धुतलं, मला बाहेर काढलं, रोल घातला. दांडी ओढली. चावी फिरली. तिनं पंच्याऐंशीची लावली आणि अक्काला खिडकीपाशी बसवलं. काय सांगू तुम्हाला! मालक इतकी वर्षं माझ्यातून बघत होता, पण असं कुणी बघितलं नव्हतं. डाव्या गालावरचा तीळ, हनुवटीची घडी, दातांतली फट, एकेक तिनं जपून घेतलं. दर फोटोनंतर आधी चावीकडे बघायची, मग अक्काकडे.

शेवटी अक्का उठली. "आता तू बस."

"माझं काय मधेच?"

"बस म्हणते ना! दाबायचं कुठे तेवढं सांग."

छबूनं वेग लावला, आकडा लावला, दांडी आणि खटका दाखवून मला अक्काच्या हातात दिलं आणि खुर्चीत बसली. अक्कानं मला डोळ्याला लावलं. "इकडे काचेत बघ," अक्का म्हणाली. पण छबूची नजर चावीवर. जुनी सवय. अक्कानं दांडी ओढली. रोल माझ्या पोटात सरकला.

"फिरली!" छबू ओरडली, आणि त्याच क्षणी अक्कानं दाबलं.

आता मी मशीनच्या खणात राहतो, सुयांच्या डबीशेजारी. खण रोज उघडतो. अक्काची शस्त्रक्रिया झाली, बोलणं थोडं बोबडं आहे, तिरकं बोलणं मात्र जसंच्या तसं. तिचा नवा चेहरा पहिला मीच पाहिला, रोल घालून. तुमच्याकडे माझा एखादा भाऊबंद पडून असेल तर त्याला बाहेर काढा, शिका, चुका. एवढंच करा, आत रोल नसेल तर समोरच्याला तसं सांगा. हसून बसलेल्या माणसाला फसवू नका.

भिंतीवर दोन फोटो आहेत. अक्का सरळ काचेत बघतेय. छबू मात्र जरा बाजूला, डोळे मोठे, तोंड उघडं. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "अगं, एवढी दचकलीस कशाला?"

ती मशीन थांबवते आणि सांगते, "पहिल्यांदाच माझा फोटो निघाला ना."