एकशे वीस कुटुंबं

आमचं बाइंडिंगचं दुकान कॉलेजच्या फाटकासमोर आहे. मधे फक्त रस्ता. तो ओलांडायला मला सव्वीस वर्षं लागली. रहदारी फार नसते.

मी बारा वर्षांची असताना बाबांनी मला शाळेतून काढून शिलाईच्या चौकटीपुढे बसवलं. दादा शिकत राहिला. "दोघं शिकली तर दुकान कोण बघणार," असं बाबा म्हणाले. प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मीच का, हे त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. त्याऐवजी हे सांगितलं: "पुस्तकं शिवायची, वाचायची नाहीत. वाचत बसलीस तर सुई बोटात जाईल." वाचत बसले. सुई जायची तेवढी गेली.

मी सतरा वर्षांची असताना दादाचा पदवीचा प्रकल्प बांधायला आला. समाजशास्त्र विभाग, निळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं. पान एकतीसवर लिहिलं होतं: 'प्रस्तुत अभ्यासासाठी एकशे वीस कुटुंबांची निवड करून प्रत्येक घरी प्रत्यक्ष भेट देण्यात आली.' दादा घरात वर्षभर हेच सांगत होता. एकशे वीस घरं पालथी घातली, चपला झिजल्या. आईनं त्याला नवीन चपला आणल्या. मी अभिमानानं त्याच्या प्रकल्पाला दुहेरी शिलाई घातली, जी आम्ही फक्त कायद्याच्या जाड पुस्तकांना घालतो.

मग त्या विभागाचे आणखी प्रकल्प आले, प्रबंध आले. विषय कोळ्यांचा असो, नर्सचा असो, निवृत्त शिक्षकांचा असो, दुसऱ्या प्रकरणात एकशे वीस कुटुंबं यायचीच. एकानं अनाथाश्रमातल्या मुलांवर प्रबंध लिहिला होता. त्यातही कुटुंबं एकशे वीस. पाचव्या वेळी माझ्या डोक्यात उजेड पडला की दादा कुठेही फिरलेला नव्हता. बोलले नाही. घरचं माणूस. पण एक पक्कं झालं, की दुसरं प्रकरण हे लिहायचं नसतं, घालायचं असतं. अर्जाच्या शेवटी 'आपला नम्र' लिहितात तसं. तो लिहिणारा नम्र आहे का, हे कोण तपासतं?

बाबा गेले. मी शाळेच्या परीक्षा बाहेरून दिल्या आणि अडतिसाव्या वर्षी रस्ता ओलांडला. वर्गातली पोरं मला आधी मॅडम समजून उभी राहिली, मग मावशी म्हणायला लागली, मग माझ्या वह्या उतरवून घ्यायला लागली. दादा म्हणाला, "या वयात काय करायचीय पदवी? भिंतीवर लावणार?"

"तुझी लावलीय ना. तिच्या शेजारी जागा आहे."

"हौस आहे तुला."

"होय. तुझीसुद्धा हौसच होती. फक्त ती बाबांनी पुरवली."

नियम असा की सहा वर्षांत पदवी झाली नाही तर नाव खोडतात. दुकान सांभाळून शिकताना तीन वर्षं अशीच वाया गेली. शेवटचा प्रकल्प राहिला तेव्हा माझं सहावं वर्ष चालू होतं. त्यात पास झाले तर पदवी, नाहीतर रस्ता ओलांडून परत.

माझा विषय बाइंडिंगच्या धंद्यातल्या बायका. शहरात शोधून शोधून नऊ सापडल्या. एकीचं बोट कटिंग मशीननं नेलेलं. एक पंचवीस वर्षं शाळेची पुस्तकं शिवतेय आणि तिला एक अक्षर वाचता येत नाही. ती मला म्हणाली, "मला पुस्तक उलटं आहे का सुलटं ते धाग्यावरून कळतं. आतल्या मजकुराशी माझं भांडण नाही." मी हे सगळं लिहिलं. आणि दुसऱ्या प्रकरणात एकशे वीस कुटुंबं घातली. घालायचीच असतात.

माझ्या मार्गदर्शकांना पोरं 'थोडक्यात सर' म्हणतात, कारण ते प्रत्येक वाक्य 'थोडक्यात' पासून सुरू करतात आणि तासाभरानं संपवतात. त्यांनी माझा प्रकल्प उघडला, मिटला आणि ठीक आहे म्हणाले.

तोंडी परीक्षा विभागप्रमुखांच्या खोलीत होती. विभागप्रमुख, थोडक्यात सर आणि दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या एक परीक्षक बाई. बाईंनी माझा प्रकल्प खरोखर वाचला होता. असं काही होईल, याची आमच्यापैकी कुणाचीच तयारी नव्हती.

"या एकशे वीस कुटुंबांपैकी एखाद्याबद्दल सांगा," त्या म्हणाल्या.

"माझ्याकडे नऊ बायका आहेत."

"इथे एकशे वीस कुटुंबं लिहिलीत."

"ती लिहावी लागतात."

"असं कोण म्हणालं?"

"म्हणत कुणी नाही. सगळे लिहितात."

"सगळे म्हणजे?"

मी उठले. विभागाचे प्रबंध आणि प्रकल्प त्याच खोलीत, विभागप्रमुखांच्या पाठीमागच्या कपाटात असतात. मला नावं बघावी लागत नाहीत, माझ्या हातची शिलाई मी पाठीवरून ओळखते. एकेक काढून टेबलावर मांडत गेले. "हे लाल. हे तपकिरी, याचा पुठ्ठा जरा वाकलाय, पावसात आणून दिला होता. हे निळं. हे हिरवं, हा माझ्या मार्गदर्शक सरांचा स्वतःचा. पान एकतीस. मोठ्या अक्षरात छापलं असेल तर तेहतीस."

मला वाटलं, मी माझी बाजू मांडतेय. आजही शपथेवर सांगेन, कुणाला उघडं पाडायचं माझ्या मनात नव्हतं. लग्नाला सगळे जातात म्हणून आपण जातो, तिथं आपल्यालाच पकडून आमंत्रण विचारलं तर आपण शेजारच्याकडे बोट दाखवणारच.

"थोडक्यात सांगायचं तर," सर म्हणाले, आणि हिरवं पुस्तक पालथं घालून ठेवलं.

टेबलावर सतरा झाले. तळाच्या फळीवर अजून एक होता, काळ्या कापडातला. तो बाबांनी बांधलेला, शिलाई माझी. तेव्हा मी चौदा वर्षांची होते, धागा मधेच सैल आलाय. परीक्षक बाईंनी तो मागून उघडला. शेवटी यादी होती. बाई मोठ्यानं वाचायला लागल्या.

"घर अकरा. सासू बोलू देत नाही, सून विहिरीपाशी भेटली. घर सत्तेचाळीस. तीनदा गेले, दार उघडलं नाही. चौथ्यांदा उघडलं. घर त्र्याण्णव. माझी चप्पल तुटली, त्यांनी शिवून दिली, पण माहिती दिली नाही."

एकशे वीस घरं होती. प्रत्येकाचा आकडा, प्रत्येकाचं दार.

मला तो काळा प्रबंध लिहिणारी बाई आठवली. प्रबंध न्यायला आली तेव्हा तिनं मला विचारलं होतं, "कितवीत आहेस?" मी म्हणाले, "नाहीये." ती माझ्याकडे बघत राहिली. बाबा म्हणाले, "हात भरभर चालव." तिच्या पायांकडे मी बघितलं नव्हतं. बघायला हवं होतं.

म्हणजे ते 'आपला नम्र' नव्हतं. एकीनं चपला झिजवल्या आणि सतराजणांनी त्या घालून फोटो काढले. अठरावी मी. तीस वर्षं सुई हातात, आणि मला हे कळलं नाही. बाबा वाचू नको म्हणायचे; मी वाचत होते, पण नीट नाही.

विभागप्रमुखांनी उठून दार लावलं. "हे बघा मावशी. तुमचं सहावं वर्ष आहे. आम्ही तुम्हाला पास करतो. पुस्तकं होती तशी कपाटात ठेवा. तुमचा प्रकल्पही आहे तसा राहू दे. विषय मिटला."

पदवी एवढी जवळ कधी आली नव्हती. फक्त सतरा पुस्तकं उचलून ठेवायची होती. रोज याहून जास्त उचलते.

"मला नऊ लिहायचंय," मी म्हणाले.

"नऊनं काय होतं?"

"नऊच भेटल्या."

परीक्षक बाईंनी काळं पुस्तक मिटलं. "परवा पाचपर्यंत दुरुस्त प्रत आणा. मार्गदर्शकांच्या सहीची. सही नसेल तर मला काही करता येणार नाही."

मी दुसरं प्रकरण नव्यानं लिहिलं. 'या अभ्यासासाठी नऊ बायका निवडल्या. निवडल्या म्हणजे तेवढ्याच सापडल्या.' आणि आधीच्या अभ्यासाबद्दल एक परिच्छेद: 'या विभागात एकशे वीस कुटुंबांचा अभ्यास एकदा झाला आणि पुढे सतरा वेळा बांधला गेला. सगळी बांधणी आमच्या दुकानातली.' खाली अठराच्या अठरा रेक्झिनचे आणि कापडाचे रंग, सालासकट. नावं नाहीत. मी बाइंडर आहे, मला रंग माहीत असतात.

सर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी घरी सापडले नाहीत. तिसऱ्या दिवशी सव्वाचारला स्वतः दुकानात आले. प्रकल्प शिवून तयार होता, फक्त सही बाकी. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं, मग स्टूल ओढून वाचलं.

"एवढा परिच्छेद काढा," ते म्हणाले. "लगेच सही करतो."

"निघत नाही, सर."

"पान कापा की. तुमचाच धंदा आहे."

"हल्ली सगळे सुटी पानं टोचतात. हे मी बाबांच्या पद्धतीनं केलंय, ताव दुमडून. एका तावाची दोन पानं होतात, एक पुढे, एक मागे. मागचं कापलं की पुढचं सुटतं." मी उघडून दाखवलं. "या पानाच्या जोडीचं पान पुढे आहे. तुमचं प्रमाणपत्र."

सरांनी ते पान बोटांनी चाचपलं. 'हे काम विद्यार्थिनीचे स्वतःचे असून माझ्या मार्गदर्शनाखाली झाले आहे.' त्याखाली रिकामी ओळ.

"मग नवीन छापा."

"साडेचार होत आलेत."

"मुद्दाम केलंत हे?"

"हो."

ते रस्त्यापलीकडच्या फाटकाकडे वळले. मग म्हणाले, "ती काळ्या पुस्तकातली आणि मी एकाच जागेसाठी मुलाखतीला होतो. तिला विचारलं, लग्न झाल्यावर सोडणार नाही कशावरून. मला विचारलं, कधीपासून येताय." खिशातून पेन काढलं. "थोडक्यात," ते म्हणाले, आणि खरंच तेवढंच म्हणाले. सही केली, स्टूल जागेवर ठेवलं आणि गेले.

मी पाचला दहा मिनिटं कमी असताना प्रत दिली. शंभरात पंचेचाळीस मिळाले. पदवी झाली. परीक्षक बाईंनी शेऱ्यात लिहिलं होतं, 'नमुना लहान, पण आहे.'

रविवारी दादा दुकानात आला.

"किती पडले?"

"पंचेचाळीस."

"मला बावन्न होते."

"माहितीय. भिंतीवर आहे."

हसत हसत त्यानं माझा प्रकल्प चाळायला घेतला. दुसऱ्या प्रकरणावर आला आणि पानं उलटायचा थांबला. मी खळ ढवळत होते. ढवळत राहिले.

"नावं दिली नाहीस," तो म्हणाला.

"नाही. रंग दिलेत."

"निळे किती आहेत?"

"एकच."

त्यानं पुस्तक मिटलं. पाठीवरून अंगठा फिरवला, कडा बघितल्या, शिलाई ओढून बघितली. बाबा बघायचे तशी.

"बांधणी चांगली झालीय," तो म्हणाला.

"तुझी जास्त चांगली होती," मी म्हणाले. "दुहेरी शिलाई घातली होती."