घोड्यांची पाठ

चिनाराची वैमानिकाची परीक्षा चालू असतानाच नारीनच्या डोंगरावरून हिमवादळ उतरलं. हेलिकॉप्टरबाहेर आभाळ कुठलं नि जमीन कुठली, काही कळेना. तळावर परतणं शक्य नव्हतं. शेजारी परीक्षक म्हणून उस्ताद सागिनबेक बसले होते. तीस वर्षांत त्यांनी कुणाचं कौतुक केल्याची नोंद नाही.

"आता काय करणार, पोरी?"

"उतरणार. खाली घोडे दिसतायत."

"त्यांना रस्ता विचारणार?"

"वारा विचारणार, उस्ताद. वादळात घोडा वाऱ्याकडे पाठ करतो. आपल्याला वाऱ्याकडे तोंड करून उतरायचंय. म्हणजे त्यांच्या बरोब्बर उलट. शिवाय ते काळे दिसतायत, तोवर जमीन किती खाली तेही कळतंय."

घोडे राखणाऱ्याच्या लेकीला हे कुठल्या पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं. बर्फाचा लोट उठला आणि हेलिकॉप्टर अलगद टेकलं. पाती थांबली.

"पास झाले का?"

"परवानगी नसताना कुणाच्या तरी कुरणात उतरलीस. तसा शेरा मारावाच लागेल." उस्तादांनी वही काढली, पण शेरा काही लिहिला नाही. "ते घोड्यांचं पुन्हा सांग बघू. सावकाश. उद्यापासून मला ते बाकीच्या पोरांना शिकवायचंय."