रोडग्यांच्या चुलीतली वीट

वांगी कोण घेणार, गोवऱ्या कोण आणणार, सगळं ठरलं होतं. अडलं होतं ते जागेवर. नागपूरच्या एका कचेरीतली ही मंडळी दर हिवाळ्यात रोडग्यांची, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे आणि वांग्याची भाजी यांची, पार्टी करतात. यंदा शेतवाल्या पाहुण्याने ऐनवेळी नाही म्हटलं, तेव्हा हेडक्लार्क मनोहरराव म्हणाले, "उमरेडच्या अलीकडं टेकडीवर जुना बौद्ध विहार हाय ना, तिथंच जाऊ. मोकळी जागा हाय, कोणी विचारणारं नाही."

कोणी विचारणारं नाही! आपल्याकडे एखाद्या जागेची याहून मोठी तारीफ नसते.

रविवारी अकरा जण टेकडीवर पोचले. फाटकाशी 'संरक्षित स्मारक' असा निळा फलक होता. त्यांच्यातल्याच हर्षाने त्यावर ओढणी अडकवली. आत चौकोनी अंगण, भोवती भिक्खूंच्या छोट्या खोल्या, छपरं कधीच गेलेली, भिंती कमरेएवढ्या उरलेल्या. भाजीचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, ठेवायला तीन विटा हव्या होत्या. आवक विभागातला सुशील शोधायला निघाला. लोकांच्या तक्रारअर्जांवर शिक्का मारून क्रमांक घालणं, हे त्याचं रोजचं काम. दोन विटा सुट्या सापडल्या. तिसरी त्याने एका खोलीच्या भिंतीच्या तळातून हलवून हलवून काढली. मोठी, सपाट, पाटासारखी वीट! सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली आणि खोलीच्या चुन्याच्या जमिनीवरच चूल पेटली.

अर्ध्या तासात विटेने आवाज केला आणि ती दुभंगली. गंज कलंडला आणि लाल तर्री जमिनीवर पसरली.

देखरेखीला असलेली तुळसाबाई तेवढ्यापुरती घरी जेवायला गेली होती. धूर पाहून ती धापा टाकत वर आली. तिने काडीने विटेचे तुकडे बाहेर ओढले, पदराने काजळी पुसली. विटेवर तीन रेघा होत्या.

"खोदकामावर मी रोजानं होती, तवा ही वीट माह्या हातानं साफ केली होती," ती म्हणाली. "थापणाऱ्यानं ओल्या मातीवर बोटं ओढली, त्याच्या रेघा हायेत ह्या. हजारावर वर्सं टिकल्या. तुमच्या एका भाजीनं गेल्या!"

"अवं बाई, एका विटेसाठी एवढा तमाशा काहून करून राहिली?" मनोहरराव म्हणाले. "भट्टीवरून नवी आणून देतो. अन् हे आपलं थोडीच हाय? ज्यांचं हाय, ते पाहतील."

तुळसाबाई ताडकन उभी राहिली.

"ज्यांचं म्हणजे कोणाचं? मी कुणब्याची बाई हावो. टेकडीखालचं वावर आमचं हाय. मंग मी काहून राखून राहिली? आमच्याच गावच्या मातीच्या विटा हायेत ह्या! इथं लोक शिकाले येत, ध्यान करत, हे खोदकामाच्या साहेबानं आमाले समजावून सांगतलं. तुमच्या नागपूरच्या महाल भागातल्या देवळाच्या गाभाऱ्यात मांडता का चूल? तिथं जोडे बाहेर काढता ना? मंग इथंच काहून सारं चालते?"

अकरा शिकलेली माणसं! भांडी गोळा करायला लागली. 'आपलं थोडीच' म्हटलं की आपण मोकळे होतो. देव आपला असेल तर हात जोडायचे, दुसऱ्याचा वाटला तर तिथे वांगी शिजवायची! याला अडाणीपणा म्हणू नका. हा माज आहे.

"वीट मी काढली," सुशील म्हणाला. तुळसाबाई त्याच्याकडे वळली. "तळाची वीट काढली, भाऊ. वरची भिंत आता अधांतरी हाय. लवकर कळवलं तर टेका लावतील. पण कोणं केलं, ते लिहून द्या लागते. मी तुमची नावं कुठून आणू? मलेच विचारतील, तू कुठं होती? अन् मी जेवाले गेली होती, हे तर खरंच हाय."

परतताना मनोहररावांनी सगळ्यांना तंबी दिली, "कोणी काही बोलाचं नाही."

सोमवारी सकाळी सुशीलने घडलेलं सगळं स्वतःच्या नावासह अर्जात लिहिलं आणि तो आधी मनोहररावांच्याच टेबलावर ठेवला.

"वेडा झाला का गा? नोकरीवर गदा येईल!"

"साहेब, नऊ वर्सं मी अर्जावर शिक्के मारून राहिलो. 'अज्ञात इसमाने नुकसान केले', हे किती वेळा वाचलं असन! वाटे, कोण असन हा हरामखोर? काल दिसला. तो मीच हाय, साहेब. अन् तुम्हीही!"

मनोहररावांनी खुर्ची फिरवली. सुशील एकटाच पुरातत्त्वाच्या कचेरीत गेला. हर्षा दुपारी मागून येऊन आपलं नाव लिहून गेली. बुधवारी भिंतीला टेका लागला. सुशीलची चौकशी अजून चालू आहे. तुळसाबाई फाटकाशी आहे.

विटेचे दोन्ही तुकडे नोंद करून पेटीत ठेवले आहेत. नागरिकहो, या देशात जे जुनं उरलं आहे ते सगळं तुमचं-माझं आहे. ते राखण्यासाठी त्या धर्मात जन्मावं लागत नाही. हे पटत नसेल, तर एकदा ती नोंद वाचून या. वीट थापणाऱ्याचं नाव कोणालाच ठाऊक नाही. तोडणाऱ्याचं मात्र तिथे स्वच्छ अक्षरात लिहिलेलं आहे.