मागच्या दारचा दिवा

मित्रांनो, मी सिनेमा थेटरातली बॅटरी. तुम्ही कदाचित टॉर्च म्हणत असाल, पण आमच्या गोंदियाकडे बॅटरीच म्हणतात. तीन सेलची, अंगाने पत्र्याची, एके काळी चकचकीत. आता माझ्या अंगाचे पोपडे निघालेत, काचेला तडा आहे आणि बटण दाबलं तर नुसता टक असा आवाज येतो. या वयात माझ्याकडून उजेडाची अपेक्षा कोणी करू नये.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता यायचं नाही. आपला जन्म कोणाला आठवतो? मला आठवतं ते चिचगडचं एक लग्न. तिथल्या कवडूने आपल्या मुलीला, मंजूला, आंदणात भांडी दिली, एक कपाट दिलं आणि वर मला दिलं. जावई गोंदियाला थेटरात डोअरकीपर, अंधारातली नोकरी; मग बॅटरीइतकी कामाची वस्तू दुसरी कोणती, असा त्याचा सरळ विचार. त्या दिवसापासून मी कामापुरती जावयाच्या, म्हणजे शालीकरामच्या हातात आणि मालकीने मंजूची. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गोंदियाला लागूनच कुडव्यात त्यांच्या दोन खोल्या. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली एक खुंटी, ती माझी जागा. सकाळी शालीकराम मला मागच्या खिशात खोचायचा, मंजू डबा घेऊन सायकलवर मागे बसायची आणि आम्ही तिघं कामावर जायचो. होय, मंजूही त्याच थेटरात. दोन खेळांच्या मध्ये हॉल झाडायचं काम तिचं.

माझं काम मानाचं होतं, हे मी लाजत नाही सांगायला. उशिरा येणाऱ्यांना खुर्चीपर्यंत न्यायचं. साहेब असो की हमाल, माझ्या उजेडामागे मान खाली घालून चालायचा. मी माणसांची तोंडं फारशी पाहिली नाहीत, पण पाय ओळखते. धानाच्या बांधीतल्या चिखलातून थेट आलेले पाय, नवरीचे आळता लावलेले पाय, अर्धवट झोपलेल्या लेकराचे लोंबणारे पाय. सगळ्यांना मी त्यांच्या जागी पोचवलं आहे.

आता एक गंमत सांगते. शालीकरामला पिक्चरची सुरुवात तेवढी पाहायला मिळायची. लोक बसते झाले की त्याला बाहेर फाटकावर जावं लागे. आणि मंजूला मिळायचा फक्त शेवट, कारण झाडू घेऊन ती शेवटची वीस मिनिटं दाराशी येऊन उभी राहायची. म्हणजे याच्याकडे नुसत्या सुरुवाती आणि तिच्याकडे नुसते शेवट. मग डबा खाताना तो सुरुवात सांगे, ती शेवट सांगे आणि मधला भाग दोघं मिळून रचत. त्यांचा मधला भाग खऱ्या पिक्चरपेक्षा बरा असायचा, असं कॅन्टीनवाला भैयालाल म्हणायचा. तो चहा ओतता ओतता सगळं ऐकत असे.

डबा संपला की मात्र शालीकरामच्या तोंडाला कुलूप. खुनाचा पिक्चर लागला की फाटकावर ओळखीचे लोक खुनी कोण म्हणून विचारत. कोणी लाडीगोडी लावे, कोणी दम देई. हा ब्र काढत नसे. त्याला शेवट मंजूकडून कळलेला असायचा, आणि जे तिचं ते आपण वाटू नये, असं त्याचं मत होतं.

सात वर्षांपूर्वी आमच्याकडे ‘आठवी घंटी’ लागला. देवळातल्या खुनाचा, जासूसाचा पिक्चर. देवळात आठ घंटा, सात वाजतात, आठवी वाजत नाही. तरुण पुजाऱ्याचा खून होतो आणि जासूस घंटेवरून खुनी शोधतो. पाच आठवडे गर्दी हटली नाही. माझं बटण दाबून दाबून शालीकरामच्या अंगठ्याला घट्टा पडला. पण मंजूला ना घंटेचं कौतुक होतं ना जासूसाचं. त्या पिक्चरमध्ये एक म्हातारी होती. एक शब्द बोलत नसे. देवळाच्या मागच्या बंद दाराशी येई, पायरीवर दिवा लावी आणि निघून जाई. पहिल्याच सीनमध्ये ती होती आणि अगदी शेवटच्याही. शालीकरामने आणि मंजूने दोघांनीही पाहिलेलं असं त्या पिक्चरमधलं ते एकच माणूस. ती कोण, ते काही सांगितलं नव्हतं. पडद्यावर अक्षरं आली होती की बाकीचं दुसऱ्या भागात.

डबा खाताना शालीकराम म्हणाला, "थे बाई भूत होय. म्हणून दारातून अंदर नाई जात."

मंजू इतकी हसली की तिला ठसका लागला. मग हसणं थांबलं आणि ती म्हणाली, "भूत कायले दिवा लावन?"

तिने पिक्चरच्या जाहिरातीचा एक कागद घेतला, मागच्या कोऱ्या बाजूला काहीतरी लिहिलं, माझं टोपण फिरवून उघडलं आणि तो कागद माझ्या सेलभोवती गुंडाळून आत सरकवला. "दुसरा पार्ट आला का उघडजा. तवरी टोपणाले हात लावू नोका. सेल मी बदलवत जाईन."

शालीकरामने हो म्हटलं. मित्रांनो, माझ्या पोटात चिठ्ठी आली ती अशी. मला वाचता येत नाही. पोटातलं कोणालाच वाचता येत नाही.

पुढे दुसरा भाग येतो येतो म्हणत आलाच नाही. मग कोरोनात थेटर बंद पडलं, उघडलं तेव्हा खुर्च्या रिकाम्या. जे येत त्यांच्या मोबाईलमध्ये माझ्यापेक्षा मोठा उजेड. मला कोणी हसलं नाही, मला कोणी पाहिलंच नाही. दर महिन्याला मंजू मात्र नेमाने टोपण उघडायची, जुने सेल काढायची, नवे घालायची, चिठ्ठी होती तशी गुंडाळायची.

दोन वर्षांपूर्वी तिला ताप आला. तीन दिवसांत मंजू गेली. मी खुंटीवर होते. घरात पुष्कळ पाय आले आणि गेले.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दुसऱ्या दिवशी शालीकराम कामावर हजर. रडला नाही. गल्लीतले लोक म्हणाले, गडी दगडाच्या काळजाचा. मला ते पटलं नाही. सेल संपत आले की उजेड आधी पिवळा होतो, मग लाल होतो, मग बटण दाबलं तर नुसता टक आवाज येतो. दगड वेगळा आणि हे वेगळं. तो जेवायचा, तिकिटं फाडायचा, कोणी हसलं तर हसायचा. आत दिवा लागत नव्हता, एवढंच.

आता त्याच्याकडे फक्त सुरुवाती उरल्या. डबा तो भैयालालच्या बाकावर खायचा. नवीन पिक्चरची सुरुवात सांगायचा आणि थांबायचा. भैयालाल विचारी, "फिर क्या हुआ?" हा म्हणे, "मालूम नाई." दाराआड उभं राहून शेवट पाहायला त्याला कोणी अडवलं नव्हतं. पण तो गेला नाही.

महिन्याभरात माझे सेल संपले. मी विझले. शालीकरामने माझं टोपण उघडलं नाही. मला तशीच मागच्या खिशात घालून तो रोज कामावर न्यायचा आणि लोकांना आपल्या मोबाईलचा उजेड दाखवायचा. भैयालाल एकदा वैतागून म्हणाला, "अबे, नये सेल डाल ना. मुर्दा बॅटरी काऊन घेऊन फिरून राहिला?"

"तिची होय," शालीकराम म्हणाला. "मी हो म्हटलो होतो."

मित्रांनो, माझं पाप इथून सुरू होतं. मेलेले सेल आत राहिले की पाझरतात. आधी चिकट, मग पांढरं, मग हिरवट. ते माझ्या अंगाला लागत होतं, कागदाला लागत होतं आणि मला ओरडायची सोय नव्हती. माणूस दिलेला शब्द पाळत होता आणि त्याच शब्दापायी आत चिठ्ठी कुजत होती. मला कशाचं काही वाटत नाही असं मी म्हणत असते, पण याचं वाटतं.

यंदा दुसरा भाग आला. पोस्टर लागलं त्या दिवशी शालीकरामने मॅनेजरकडे पहिल्या शुक्रवारची सुट्टी मागितली. पिक्चर पाहायला म्हणून बारा वर्षांत पहिलीच. शुक्रवारी दुपारी बाराच्या खेळाचं तिकीट रांगेत उभं राहून काढलं आणि दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर बसला. मंजू झाडू घेऊन जिथे उभी राहायची, त्याच्याशेजारी. मला त्याने मांडीवर ठेवलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक अख्खा पिक्चर तो जन्मात पहिल्यांदा पाहणार होता.

काय सांगू. नाव मोठं आणि लक्षण खोटं. देऊळ पाच मिनिटांत संपलं. मग जासूस विमानात बसून बर्फात गेला. तिथे गाणं झालं. मग खजिना, मग कॉम्प्युटरवर काढलेला एक साप. मध्यंतराला लोक बाहेर पडले ते निम्मे परत आले नाहीत. भैयालालने चहा आणून दिला आणि पिक्चर कसा आहे ते डोळ्यांनीच विचारलं. शालीकराम म्हणाला, म्हातारी अजून यायची आहे.

म्हातारी आली नाही. मागचं दार आलं नाही, दिवाही आला नाही. साप मेला, जासूस हसला आणि तिसऱ्या भागाची जाहिरात झाली. दिवे लागले. कोणी शिट्टीसुद्धा मारली नाही, आणि आमच्या गावात शिट्टी नाही म्हणजे शिवीहून वाईट. शालीकराम बसूनच राहिला. हॉल झाडायला आलेली अल्का, ठेक्यावरची नवी बाई, म्हणाली, "भाऊ, पाय उचला." त्याने पाय उचलले.

बाहेर बाकावर येऊन त्याने मला भैयालालच्या समोर ठेवलं. ठरल्याप्रमाणे दुसरा भाग आला होता, शब्द मोकळा झाला होता. पण कोण बरोबर, ते ठरवणारं उत्तर कुठेच नव्हतं. बराच वेळ त्याने मला नुसतं हातात फिरवलं. मग टोपणाला जोर लावला. टोपण हललं नाही. भैयालालने पक्कड आणली. दोघांनी मिळून फिरवलं, तेव्हा माझ्यातून पांढरी भुकटी बाकावर पडली आणि तिच्यामागून सेल आले, फुगलेले. त्यांना चिकटून कागद आला.

शालीकरामने तो नखाने सोडवला. वरचा भाग तपकिरी होऊन हातातच चुरला. सगळी सुरुवात गेली. खालच्या दोन ओळी राहिल्या. त्याने त्या मोठ्याने वाचल्या.

"म्हणून तिले कोणी अंदर येऊ देत नाई. पोरगा अंदर पूजा करते आणि त्याची माय मागच्या दारी दिवा लावते."

गॅसवर चहा उतू गेला तरी भैयालाल उठला नाही. शालीकरामचे डोळे कोरडेच होते; त्याने त्याच दोन ओळी पुन्हा वाचल्या. मंजूची आजी चिचगडला कुठल्या कुठल्या दारातून आत जाऊ शकत नव्हती, ते मंजूने त्याला लग्नानंतर सांगितलं होतं. त्याने ते ऐकलं होतं आणि विसरला होता. पडद्यावरची म्हातारी पाहून हा भूत म्हणाला, आणि तिने आपल्या घरचं माणूस ओळखलं.

तीनच्या खेळाला माणसं जमायला लागली होती. आतून बाहेर पडलेले दोघं-तिघं कॅन्टीनवर कुरकुरत होते. त्यातला एक म्हणाला, "सब दिखाया, वो बुढ़िया कौन थी यही नहीं बताया." आणि ज्याने सारी नोकरी शेवटाबद्दल तोंड उघडलं नव्हतं, तो शालीकराम उठून त्यांच्यासमोर उभा राहिला. म्हणाला, "मी सांगतो. सुरुवातीपासून सांगतो." चुरलेली सुरुवात त्याने स्वतःच रचली. बाई कोणाची, पोरगं कसं हरवलं, देवळातल्या कोणी वाढवलं. सुरुवाती सांगणं हे तर त्याचंच काम. माणसं हातात चहा घेऊन ऐकत राहिली. तीनची घंटा झाली तरी एकाने पाय हलवला नाही.

पिक्चर पाच दिवसांत उतरला. ती गोष्ट मात्र भैयालालच्या बाकावर अजून चालते.

मित्रांनो, तुमच्या घरी कपाटात, खुंटीवर, माळ्यावर माझ्यासारखी एखादी विझलेली बॅटरी असेल. आज घरी गेलात की तिचं टोपण उघडा आणि सेल काढून ठेवा. जपायचं म्हणून बंद करून ठेवलेली वस्तू आतून खराब होते, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. उघडून पाहिल्याने कोणाचा शब्द मोडत नाही.

मला शालीकरामने चिंचेने घासून पुसलं. उजेड काही परत आला नाही. आता माझ्या पोटात सेल नाहीत, फक्त त्या दोन ओळी आहेत. कोणी म्हातारीची गोष्ट विचारली की तो सुरुवात सांगतो, मधलं सांगतो आणि शेवट आला की थांबतो. मग मागच्या खिशातून मला काढतो, टोपण उघडतो आणि तिने लिहिलेलं वाचून दाखवतो.