मेन स्विच आणि तीन उपग्रह

आमच्या ह्यांची नोकरी छत्तीस वर्षांची, त्यात बदल्या अकरा. अकरा वेळा सरकारी क्वार्टर रिकामं केलं आणि अकराही वेळा घरातून शेवटी बाहेर पडले ते हेच. आधी गॅस, मग नळ, मग मेन स्विच. मेन खाली ओढला की खिशातून डायरी काढून वेळ लिहायची आणि खाली सही करायची. शेवटची बदली कोलकात्याची. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, बालीगंजला स्वतःचा फ्लॅट झाला, पण सवय काही निवृत्त झाली नाही. गडियाहाटला भाजीला निघालो तरी गॅस, नळ, मेन. यंदा फ्रिजमधलं दूध तीनदा नासलं. तारखा मी लिहून ठेवल्यात. डायरी काय त्यांनाच ठेवता येते?

अशा माणसाच्या हाती नूपुरने तीन उपग्रह दिले.

नूपुर आमची नात, सोळा वर्षांची. पराग आणि देवयानीबरोबर बराकपूरला राहते आणि दर शनिवारी लोकलने आमच्याकडे येते. तिला अंतराळयानं उडवायच्या एका कॉम्प्युटरवरच्या खेळाचं वेड आहे. देवयानी, म्हणजे आमची सून, म्हणते की लॅपटॉप घरात राहिला तर अभ्यास घराबाहेर जाईल. म्हणून तो आमच्याकडे. आठवडाभर नूपुर फोनवरून सांगते आणि हे करतात. जन्म टेलिफोन खात्यात काढलेल्या माणसाला उतारवयात संदेशवहनाचं काम मिळालं, मग काय विचारता. दुपारचा चहा झाला की इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसायचे. शर्ट कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "काम आहे, शकुन."

काम असं होतं. नूपुरला चंद्राच्या पलीकडच्या बाजूला, जी पृथ्वीवरून कधी दिसत नाही, तिथे एक चाकांची गाडी उतरवायची होती. ह्या खेळात यानाला पृथ्वीकडून सिग्नल मिळाला नाही, तर ते कुणाचं काही ऐकत नाही. आणि मध्ये चंद्र आला की सिग्नल बंद. म्हणून चंद्राभोवती सारख्या अंतरावर तीन उपग्रह फिरत ठेवायचे. पृथ्वीचा निरोप एकाने घ्यायचा, दुसऱ्याला द्यायचा आणि त्याने तो खाली गाडीला पोचवायचा. "झाडाभोवती तिघांना उभं केल्यासारखं," ह्यांनी मला समजावलं. "कुणाला ना कुणाला दुसरा दिसतोच."

रविवारी चार वाजता इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांचा कार्यक्रम होता. त्यात नूपुरला पंधरा मिनिटं मिळाली होती. मोठ्या पडद्यावर गाडी उतरवून दाखवायची आणि काय चाललंय ते मराठीत सांगायचं. माझा जीव अडकला होता तो ह्या मराठीत सांगण्यात. नऊ वर्षांची असताना ती त्याच स्टेजवर गोष्ट सांगायला उभी राहिली होती. जन्म इथला, शाळा इंग्रजी, मैत्रिणी बंगाली. तिसऱ्या वाक्याला दुसऱ्या रांगेतून लीलाताईंनी तिचा उच्चार सुधारला, पाचव्याला पुन्हा सुधारला. लीलाताईंच्या घरची ही कोलकात्यातली चौथी पिढी, पण मराठी अशी राखलेली की पुणेकराने समोर जपून बोलावं. नूपुरचं सहावं वाक्य आलंच नाही. त्यानंतर सात वर्षं ती मंडळात येते, जेवते आणि तोंड न उघडता परत जाते. यंदा आपणहून म्हणाली, "गाडीचं मी सांगते. ते मला येतं." मी चेहरा कसाबसा सरळ ठेवला आणि कुणाला काही बोलले नाही.

शनिवारी दुपारी ती आली, चपला भिरकावल्या आणि रंगीत तालीम म्हणून लॅपटॉप उघडून बसली. हे शेजारी, इस्त्रीच्या शर्टात. पडद्यावर तिची गाडी चंद्रामागे गेली, कोपऱ्यातली सिग्नलची हिरवी खूण लाल झाली आणि लालच राहिली.

"आजोबा, उपग्रह कुठेत?"

"जागच्या जागी. बघ, तिन्ही सारख्या अंतरावर. मोजून घे."

तिने मोजलं. अंतर अगदी चोख होतं. मग एकेका उपग्रहाला आज्ञा देऊन पाहिली. एक ऐकेना, दुसरा ऐकेना, तिसराही तसाच.

"काय केलं तुम्ही यांना?"

"सगळी नोंद आहे," हे म्हणाले आणि अभिमानाने वही पुढे केली.

नूपुरला मराठी हस्ताक्षर वाचायला वेळ लागतो, म्हणून मी मोठ्याने वाचलं. उपग्रह क्रमांक एक, सोमवार, चार वाजून वीस मिनिटं, कक्षेत स्थापित. सौर पंख मिटले. अँटेना मिटली. कळ बंद. खाली सही. क्रमांक दोन, बुधवार, मजकूर तोच. क्रमांक तीन, गुरुवार, मजकूर तोच. तीन सह्या.

नूपुरने तिसऱ्या सहीवर बोट ठेवलं. "आजोबा, अँटेना बंद का केला?"

"काम झालं की बंद करायचं असतं, बाळा. उगाच बॅटरी उतरते."

"काम झालं नव्हतं. काम तर आता होतं."

"मग उघडू की परत. त्यात काय एवढं?"

"कसं उघडणार? उघडा म्हणून सांगायला सिग्नल पाहिजे. सिग्नल अँटेनातून येते."

ह्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. ही त्यांची वेळ काढायची जुनी रीत.

"अहो," मी म्हटलं, "टेलिफोन एक्स्चेंजसुद्धा असंच कुलूप लावून घरी यायचात का? अर्धा जिल्हा मुका ठेवून?"

"एक्स्चेंजमध्ये तीन पाळ्या असायच्या. मी उठलो की दुसरा माणूस बसायचा."

"मग इथे कोण बसणार होतं?"

हे वही पुन्हा चाळू लागले.

नूपुर उठून बाल्कनीत गेली. पाठमोरीच म्हणाली, "आजी, मंडळाला फोन कर. मी उद्या नाही बोलणार."

"गाडी नसली तरी काय झालं? उपग्रहांबद्दल सांग."

"गाडी नाही तर काय सांगू? लीलाआजी परत मध्ये बोलणार." आणि गप्प झाली. ते गप्प होणं माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. सात वर्षांचं होतं ते.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यात मी ह्यांना पुष्कळ टोमणे मारलेत, पण त्या क्षणी एकही सुचेना. हे वहीतल्या आपल्या तीन सह्यांकडे बघत होते. मग उठले आणि बाल्कनीच्या दारात जाऊन उभे राहिले.

"नूपुर, उद्या तुला सिग्नल किती वेळ हवा?"

"पंधरा मिनिट."

"मग तीन कशाला? चोवीस तास सेवा द्यायची तर तीन. पंधरा मिनिटांना एक पुरे. चौथा सोडू. खूप लांबट कक्षेत. पलीकडच्या बाजूला लांब गेला की तिथे रेंगाळेल. रेंगाळला की तुलाही बघेल आणि पृथ्वीलाही."

ती वळली. मनात काहीतरी हिशोब करत राहिली. मग म्हणाली, "आजोबा, हे तुम्हाला माहीत होतं?"

"छत्तीस वर्षं काय फक्त कळा बंद करत होतो?"

हो, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

पुढचे तीन तास मी दोघांच्या मागे खुर्ची टाकून बसले. पहिलं रॉकेट अर्ध्यातून परत खाली आलं, कारण ह्यांनी वजनाच्या काळजीने इंधन कमी भरलं. दुसरं उडालं आणि वाटेतच फुटलं, कारण नूपुर घाईत होती. त्यावरून दोघं भांडली, ती बंगालीत आणि हे मराठीत. मध्ये हे उपग्रहाला नाव देऊ म्हणाले, तेव्हा दोघींनी मिळून त्यांना गप्प केलं. तिसरं रॉकेट पोचलं. उपग्रह लांबट कक्षेत शिरला, पंख उघडले, अँटेना उघडली आणि लाल खूण हिरवी झाली. नूपुरने पाठ खुर्चीला टेकली.

आणि तेवढ्यात ह्यांचा उजवा हात कळफलकाकडे निघाला. निव्वळ सवयीने. मी तो मनगटाशी पकडला.

"मी काही करत नव्हतो," हे म्हणाले.

"माहीत आहे. तरी पण."

"मग लॅपटॉप तरी बंद करू का?"

"तो करा, आजोबा," नूपुर म्हणाली. "सेव्ह केलंय." ह्यांनी तो इतक्या समाधानाने बंद केला की मला त्यांची दया आली. मग वही काढून वेळ लिहिली.

रविवारी हॉल भरला होता. दोन नाच झाले आणि नूपुर माइकपाशी आली. लीलाताई दुसऱ्या रांगेत, त्यांच्या ठरलेल्या खुर्चीवर. मी मुद्दाम त्यांच्या शेजारची जागा धरली होती.

पहिली दोन वाक्यं पाठ केलेली होती, ती सरळ गेली. मग पडद्यावर चंद्राभोवतीचे तीन ठिपके दिसले आणि तिने पाठ केलेलं सोडून दिलं.

"हे तीन माझे आजोबा लावले," ती म्हणाली. लीलाताईंनी श्वास घेतला. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. "मग आजोबा मेन स्विच बंद करून घरी आले. आता ते तिन्ही तिथे झोपलेत."

हॉल हसला. अर्धा हॉल बदलीवाल्यांचा, त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी हळूच खिशातल्या किल्ल्या चाचपल्या. नूपुरने हॉलभर पाहिलं. आपल्याला नाही हसत, हे तिच्या ध्यानात आलेलं मला दिसलं. मग तिच्या बोलण्याची गाडी सुटली. चौथा कशासाठी, लांबट कक्षा का, चंद्राआड गेलं की काय होतं, बोलतच राहिली.

खूण हिरवीच राहिली. गाडी खाली आली, धूळ उडाली, चाकं टेकली. टेकली ती उतारावर. सगळ्यांच्या देखत गाडी हळूहळू एका बाजूला कलंडली आणि आडवी झाली. मी लीलाताईंचा हात इतका दाबला की त्यांची बांगडी मला रुतली.

नूपुरने कोपऱ्यातली हिरवी खूण पाहिली. "पडली," ती माइकमध्ये म्हणाली. "पण बोलते." आणि आडव्या गाडीने धाडलेलं तिथलं तापमान तिने वाचून दाखवलं.

बाहेर प्रसाद घेताना लीलाताईंनी मला गाठलं. "पोरगी धीट झाली हो, शकुनताई. चुका मात्र चौदा."

"वाक्यं किती मोजलीत?"

"वाक्यं कशाला मोजू?"

"मी मोजली. त्रेसष्ट."

घरी आलो ते हे आणि नूपुर पुढच्या तीन उपग्रहांवर वाद घालतच; अजून उजेड होता, दिवा कुणी लावला नव्हता. ह्या खेपेला उघडेच ठेवायचे, असं ह्यांनी वचन दिलं होतं. चांगल्या दिवशी नातीसाठी थोडी खीर करावी म्हणून मी फ्रिज उघडला. आत अंधार होता. टेबलावरच्या डायरीत नोंद होती. रविवार, तीन वाजून दहा मिनिटं, मेन बंद. खाली सही.

दूध नासलं होतं. यंदाचं चौथं.